झडपेचं कुंकू

अकोल्याच्या नव्या कापूसप्रेसमध्ये वाफ सोडण्यापूर्वी नळांत पाणी भरून दाब देत होते. झडपा झिंगराजी कासारानं बसवल्या होत्या. थेंबही झिरपला तर उद्या तिथूनच वाफ फुटून माणसं भाजणार. प्रत्येक झडपेपाशी वाकून तो साहेबाला म्हणाला, “सारं कोरडं हाये.” भाकर घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला मात्र थेंब दिसला. साहेबासमोर नवऱ्याला खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं. “नवं यंतर हाये साहेब, पूजा करू द्या,” म्हणत तिनं सगळ्या झडपांना कोरडं कुंकू लावलं. तिसरीवरून उतरलेला लाल ओघळ जवळ वाकलेल्या झिंगराजीलाही दिसला. त्यानं झडप आवळली. पुन्हा लावलेलं कुंकू कोरडं राहिलं. साहेब गेल्यावर त्यानं विचारलं, “माही नजर मंदावली, तुले कसं समजलं?” “परवा कपाळाऐवजी गालाले कुंकू लावून तुमाले भाकर वाढली,” ती म्हणाली. “तुमी काई बोलले नाई.”