तासातासाचा उतारा

"पुन्हा सुरू केलीत ना, बाबा?" लेक कडाडली.

मिस्त्री गॅरेजच्या दारात झोकांड्या खात होते. जीभ जड, डोळे तारवटलेले. अकरा वर्षं दारूच्या थेंबाला शिवला नव्हता हा माणूस! तिनं त्यांना आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. लहानपणी ती बाटल्या डाळीच्या डब्यात लपवायची, तेव्हा हेच बाबा किती लाडात यायचे. एरवी ती ठमी, पण बाटली हवी असली की राणी. 'राणी, कुठं ठेवलीस गं?'

दोन तासांनी कण्हणं ऐकू आलं. आत जाऊन तिनं त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. दारूचा वास नव्हता. शर्टावर हिरवा डाग मात्र होता. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं कूलंट मिस्त्री गाडीतून नळीला तोंड लावून ओढत, शंभरदा सांगूनही.

"आज दोन-तीन घोट गेले," ते कसंबसं म्हणाले. "गोड लागलं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "विष आहे ते, किडन्या जातील. उताऱ्याचं इंजेक्शन मागवलंय, पण संध्याकाळ होईल. तोवर हाताशी एकच औषध आहे. दारू. ती त्या विषाला अडवून धरते. मोजून द्यायची, तासातासाला."

"दुसरं काही द्या हो, पाया पडते तुमच्या."

"असतं तर दिलं नसतं का?"

मिस्त्री ओठ मिटून बसले. "ठमे, तुझ्या डोक्यावर हात ठेवून सोडलीय मी."

"मग मीच शपथ सोडवते," म्हणत तिनं पेला त्यांच्या ओठांना लावला. कडी घातलेले दोन तास तिला खात होते.

पहिल्या पेल्याला मिस्त्री रडले. दुसरा मुकाट प्यायले. चौथा त्यांनी स्वतःच्या हातानं धरला. पाचव्याच्या आधी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

दिवेलागणीला इंजेक्शन आलं. "वेळेत मिळालं, वाचतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता दारू बंद."

लेक ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उरलेली बाटली तिनं पिशवीत, कपड्यांच्या खाली खुपसली. मागं वळली तर बाबा जागे होते. त्यांची नजर कपाटावरून, खाटेखालून, खिडकीवरून फिरत तिच्यापाशी येऊन थांबली. ते हसले.

"राणी," ते लाडात म्हणाले, "कुठं ठेवलीस गं?"