ठिपकीचं ऐकणारा माणूस

जीपच्या बॉनेटमधून काढलेली ठिपकी मांजर प्राण्यांच्या निवाऱ्यात आठ महिने पडून होती. भाजलेली पाठ निवारा सांभाळणाऱ्या हेमांगीने कधीच बरी केली होती, पण माणूस जवळ आला की ठिपकीच्या गळ्यातला बोलका पट्टा एकच शब्द काढायचा, "जा." मांजराच्या मनातलं बोलून दाखवणारे हे पट्टे आल्यापासून लोकांचे हट्ट फार वाढले होते. पिंजऱ्यात बोटं घालून "आई म्हण ना," करत बसायचे आणि शेवटी दुसरंच मांजर घेऊन जायचे.

आज चौगुले काका मांजर बघायला आले. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. ठिपकीच्या पिंजऱ्यापाशी बसकण मारून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

"जा," पट्टा म्हणाला.

"बरं," म्हणत काका हातभर मागे सरकले आणि वाचू लागले.

ठिपकीचं कुणी ऐकलेलं हेमांगी पहिल्यांदाच पाहत होती. ती तिथेच थांबली. अर्ध्या तासाने पट्टा पुन्हा बोलला.

"झोप आलीय."

आठ महिन्यांत माणसासमोर ठिपकीने डोळे मिटले नव्हते. हेमांगी दत्तकाचा अर्ज आणायला वळली. काकांनी पान उलटलं, अजिबात आवाज न करता.