तक्त्यावरची तिसरी ओळ

"उजवा डोळा झाका आणि तिसरी ओळ वाचा," डोळे तपासणारी बाई म्हणाली.

गाडीच्या परवान्यासाठी आलेल्या तिने तळहात डोळ्यावर दाबून धरला. संगणकावरची परीक्षा मघाशीच पार पडली होती. आता एवढे चार आकडे वाचले की शिकाऊ परवाना हातात. पण वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी परीक्षेला उभं राहिलेलं माणूस ते. तक्ता स्वच्छ दिसत होता, तरी ती आकडे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ताडून बघत राहिली.

मागे बाकावर नवरा बसला होता. शाळेची व्हॅन चालवायचा. पोरं त्याला ड्रायव्हरकाका म्हणायची. इतकी वर्षं तिने गाडी शिकायचं नाव काढलं की तो हसण्यावारी न्यायचा. या महिन्यात मात्र स्वतःच अर्ज आणला, स्वतःच रांगेत उभा राहिला. "आता शीकच तू," म्हणाला. तिला बिचारीला वाटलं, उशिरा का होईना, देवाने माणसाला सुबुद्धी दिली.

बायको गप्प उभी राहिली तसं त्याला राहवेना. कीर्तनात बुवांचा श्वास अडला की मागचा टाळकरी जसं धृपद उचलून धरतो, तसं त्याने मागून हळूच सांगितलं, "सात, तीन, नऊ, दोन."

तिने तक्त्याकडे पाहिलं. तिथे चार, आठ, सहा, पाच होतं.

थट्टा करताहेत की काय, म्हणून ती वळली. थट्टा नव्हती. तो सरळ तक्त्याकडेच बघत होता, आणि पाठ केलेलं न चुकता म्हटल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

बाईला हसू आलं. "काका, बायकोला कॉपी पुरवता होय? तो जुना तक्ता झाला. गेल्या महिन्यात बदलला आम्ही. लोक पाठ करून यायला लागले होते."

"हो का," तो म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला.

बाईला कॉपी कळली. बायकोला बाकीचं कळलं. बाक आणि तक्ता यांच्यात पाच-सहा पावलांचं अंतर, आकडे बोटभर उंचीचे. कॉपीच पुरवायची, तर माणूस समोरचं वाचून नाही का पुरवणार? आणि चारच महिन्यांपूर्वी, याच खोलीत, त्याच्या स्वतःच्या परवान्याची मुदत वाढवून मिळाली होती.

"वाचताय ना?"

"चार, आठ, सहा, पाच," ती म्हणाली. कागदावर शिक्का बसला.

शेजारच्या खिडकीत कारकुनाने परवाना दिला आणि एक कागद पुढे सरकवला. "शिकताना शेजारी कोण बसणार? परवानेवाल्या माणसाची इथे सही."

"मीच की." नवऱ्याने पेन टेकवलं ते चौकटीच्या बरंच खाली. सही पुरी व्हायच्या आत तिने कागद ओढून घेतला.

"मी क्लास लावते," ती म्हणाली.

"घरात मास्तर असताना?"

"घरच्या मास्तरांचं ऐकेल ती बायको कसली."

कारकून हसला. नवरा हसला नाही.

बाहेर व्हॅन उभी होती. सव्वा वाजला होता. दीडला शाळा सुटणार आणि तेरा पोरं फाटकाशी येऊन वाट बघणार.

"चल, बस पटकन. उशीर झाला." दारावर त्याची बोटं कुलूप चाचपत फिरली.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "किल्ली द्या."

"तुला काय येतंय चालवायला? कागद मिळाला म्हणजे झालं वाटतं."

"चालवायला नाही मागत. कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं गं. जरा धूसर, एवढंच. सकाळी बरं असतं." त्याचा आवाज चढला. "रस्ता पाठ आहे मला. खड्डा न् खड्डा पाठ आहे. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही."

"रस्ता असेल हो पाठ. मध्ये धावत आलेलं पोर कसं पाठ करणार?"

त्याने हात दारावरून काढला. मग अगदी हळू म्हणाला, "दोन महिने फक्त. तोवर तू शिकशील. मग तू चालव, मी शेजारी बसेन, पोरांची चढउतार बघेन. सगळं ठरवून ठेवलंय मी. दोनच महिने."

"आणि दोन महिने त्यांच्या आयांना तोंड कसं दाखवायचं?"

त्याने किल्ली दिली नाही. तिनेही हिसकावली नाही. तिने शाळेला फोन लावला. "ड्रायव्हरकाकांच्या घरून बोलतेय. आज गाडी येत नाही. पोरांना आत बसवून ठेवा आणि घरी कळवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने फोन त्याच्यासमोर धरला. "उद्याचं विचारताहेत."

तो फोनकडे बघत राहिला. तिचा हात भरून आला, पण तिने तो खाली घेतला नाही.

"उद्याही नाही," तो शेवटी म्हणाला. "दुसरं कुणीतरी बघा." आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

व्हॅन तिथेच राहिली. बसथांबा रस्त्यापलीकडे होता. सिग्नलपाशी कडेला येऊन त्याने एक पाऊल खाली टाकलं, आणि मागे घेतलं. समोरून गाड्या सुसाट जात होत्या.

"हिरवा झाला का गं?"

"नाही अजून," ती म्हणाली आणि त्याचा दंड धरला. "मी सांगते."