आडाळ्याचं गाऱ्हाणं

सासूला हिरव्या लुगड्यात शेवटचा निरोप देऊन वर्ष झालं, तेव्हा अक्षयाने घर आवरायला काढलं. मिक्सर आल्यापासून नारळ खोवायचा सासूचा आडाळो कोपऱ्यातच पडून होता. वेंगुर्ल्याच्या एका वृद्धाश्रमाला तो हवा होता.

टेम्पो निघण्यापूर्वी तिने आडाळ्यावर नारळ ठेवला आणि देवापुढे घालतात तसं हसत गाऱ्हाणं घातलं, "आये, तुझो आडाळो जंय जाता, थंय तूय सुखान रव."

घर मोकळं झालं. तिला बरं वाटलं.

आठवड्याने आश्रमातल्या बाईंचा फोन आला. "रोज ताजी सोलकढी होते. आजी सुखात आहेत."

"कोणत्या आजी?"

"आडाळ्याबरोबर आलेल्या. त्यांना एखादं लुगडं पाठवाल का? अंगावरच्या हिरव्याचा धुराचा वास काही केल्या जात नाही."