हप्ता कोणामुळे वाढला?

ओहायोतल्या त्या कपाटांच्या कारखान्यात माणसं जेमतेम चाळीस. मालक हूबर यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपल्यातल्या एकाच्याच आजारपणापायी सगळ्यांच्या पगारातून कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता वाढलाय. नाव विचारू नका, कायद्याने सांगता येत नाही."

सुताराच्या हाताखालून वर आलेल्या डुएनला नाव सांगायची गरजच नव्हती. "ती पॉलिशवाली व्हेल्मा बघा, दिवसभर खोकत असते. आपल्या पगारातून औषधं खाते बया!"

हळूहळू जेवताना व्हेल्माच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. निरोपाचा केक डुएननेच आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मालकांकडे गेला. "आता तरी हप्ता उतरेल ना, साहेब?"

"व्हेल्मा गेली म्हणून? अरे, ती आपल्या विम्यात कधी नव्हतीच. नवऱ्याच्या नोकरीतला विमा होता तिला."

बातमी दुपारपर्यंत कारखानाभर झाली.



जेवताना डुएनला साधा ठसका लागला, तर शेजारच्याने आपलं सँडविच उचलून गुपचूप टेबल बदललं.