सुहासचा संसार

नागपूरहून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला मुलाकडे आलेल्या सिंधुबाईंच्या मनात पहिल्याच आठवड्यात पाल चुकचुकली. सून करुणा हळदीचा डबा शोधायला तीन कपाटं उघडायची. तिचे कपडे पलंगाखालच्या बॅगेतच असायचे. एकदा शेजारीण दारात भेटली, तर करुणाला म्हणाली, "नाइस टु मीट यू!" सिंधुबाईंनी काही विचारलं, की सुहासच घाईघाईनं उत्तर द्यायचा, "अगं आई, तिला ऑफिसचं टेन्शन असतं."

एके सकाळी तो कामावर गेल्यावर सिंधुबाईंनी करुणासमोर चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "तू या घरात राहत नाहीस ना?"

करुणाचा चेहरा पडला. कपाला हात न लावता ती म्हणाली, "वर्ष झालं, आई. आमचं नाही पटलं. मी तिकडे लंडनला, पिनरमध्ये राहते. तुम्ही खचून जाल, म्हणून तुमचा मुक्काम असेपर्यंत मी इथं राहावं, असं सुहासनं विनवलं. मला नाही म्हणवलं नाही." मग डोळे पुसत तिनं फोन उचलला. "त्याला सांगते, तुम्हाला कळलंय. पुरे झालं हे नाटक."

सिंधुबाईंनी पटकन तिचा हात धरला.

"त्याला काही सांगू नकोस."

"का, आई?"

"सांगितलंस, तर तू आजच निघून जाशील. माझ्या परतीला अजून दीड महिना आहे."