टोपीतली सिगारेट

“टोपीत सिगारेट लपवलीस ना? खोटारडा आहेस, बाबा,” तळ्याकाठी शॉना वडिलांवर, डेलमारवर भडकली. तीस वर्षांची सवय सोडून त्याला एकोणीस दिवस झाले होते. “ओढायला नाही गं. तळ्यासाठी ठेवलीय.” “म्हणजे आता तळं सिगारेट ओढतं?” तळ्यात उगवणारा रानभात होडीत झोडून घ्यायला पाण्यात उतरण्याआधी पाण्याला तंबाखू वाहायची, हा त्यांच्या आदिवासी लोकांचा रिवाज तिलाही ठाऊक होता. पण घरातली सगळी तंबाखू तिनेच कचऱ्यात फेकली होती, तळ्यासाठी बांधून ठेवलेली पुरचुंडीसुद्धा. आता उरली होती ही एकच सिगारेट. डेलमारने ती ओठांत धरली. मग त्याने ती काढून कागद फाडला, तंबाखू चुरून पाण्यावर सोडली. बोटांना वास राहिला. हात आपोआप नाकाकडे निघाला, तसा त्याने तो कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि होडी ढकलली. “बस लवकर,” तो म्हणाला. “मला या वासापासून लांब जायला हवं.”